घोटाभर पाण्यातला तास

शाळेची सहल आणि परिसराचा अभ्यास या दोन गोष्टींची आपल्याकडे पार सरमिसळ झाली आहे. सहलीचं चित्र सगळ्यांना पाठ आहे. पहाटे पाचची बस, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, अंताक्षरी, घाटात दोघातिघांना उलट्या, एक किल्ला, एक देऊळ, एक धरण आणि परतीच्या वाटेवर चिंचा-बोरं. ती व्हायलाच हवी. तिच्यावाचून शाळेची वर्षं आठवायची कशी? पण धरणाच्या भिंतीवर उभं राहून उंची किती, साठा किती, दरवाजे किती हे कर्ण्यावरून ऐकलं आणि घरी येऊन 'मी पाहिलेले धरण' असा निबंध लिहिला, की पर्यावरणाचा अभ्यास झाला, हा हिशेब मला पटत नाही. त्या मुलांनी धरणावर काहीच मोजलेलं नसतं, कशालाच हात लावलेला नसतो आणि एकही प्रश्न स्वतःहून विचारलेला नसतो.

मुलांना बाहेर न्यायला अभयारण्य लागत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना एखादा ओढा असतो. शहरांत तोच नाला होऊन पुलाखालून वाहतो. शाळेपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर अशी एक जागा ठरवावी आणि वर्षभर पुन्हा पुन्हा तिथंच जावं. या प्रकरणात मी ओढाच धरून चाललो आहे, कारण पाणी, माती, दगड, किडे, मासे, झाडं, गुरं, धुणं आणि ग्रामपंचायत हे सगळं तिथं एका फर्लांगात सापडतं. वर्षातून एकदा ताडोबाला जाऊन आलेल्या मुलापेक्षा महिन्यातून एकदा ओढ्यावर गेलेल्या मुलाला निसर्गाचा कारभार जास्त कळतो असं माझं मत आहे. ताडोबाच्या चाहत्यांनी रागावू नये. तिथं वाघ दिसला नाही की मुलं हिरमुसतात. ओढ्यावर मागच्या महिन्यातला किडा या महिन्यात दिसला नाही, तर ती वहीत लिहायची गोष्ट होते.

ओढ्यावर न्यायची ती सहावी ते आठवीची, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांची मुलं. मोठ्यांनी सांगितलेलं तपासून पाहायची खोड याच वयात लागते. सरासरी, गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनफळ, आलेख ही हत्यारंही याच तीन वर्षांत हाती येतात, आणि वर्गात ती हौद भरणाऱ्या नळांवर नि भिंत बांधणाऱ्या मजुरांवर चालवली जातात. पहिलीतलं मूल ओढ्यावर नेलं तर खेळेल, आणि त्यानं तेच करावं. दहावीतलं मूल नेऊच देणार नाहीत, त्याचा क्लास असतो. मधली तीन वर्षं मात्र आपल्या हातात आहेत. या वयातली मुलं लाजतात, एकमेकांची टर उडवतात, चिखल पाहून 'शीऽ' करतात, हे खरं आहे. त्यावर भाषण देऊन उपयोग नसतो. हातात चाळणी दिली की 'शी' म्हणणाराच अर्ध्या तासानं कोपरापर्यंत चिखलात असतो.

सुरुवात मोजण्यानं करावी. नुसतं 'निरीक्षण करा' असं सांगितलं की मुलं दोन मिनिटं पाण्याकडे पाहतात आणि पुढची दहा मिनिटं दगड मारतात. त्याऐवजी विचारावं, की या ओढ्यातून एका सेकंदाला किती पाणी जातं? अंदाज सांगायला लावावेत. कुणी म्हणेल एक बादली, कुणी म्हणेल एक टँकर. सगळे अंदाज वहीत लिहून घ्यायचे, म्हणजे नंतर कुणाला शब्द फिरवता येत नाही.

मग सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडून दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या. वरच्या काठीपाशी संत्र्याची साल किंवा वाळकी काटकी सोडायची आणि खालच्या काठीपाशी घड्याळ धरून बसायचं. तीन-चार वेळा करून सरासरी काढायची. समजा साल वीस सेकंदांत पोचली, तर पृष्ठभागावरच्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला. तळाशी दगडगोट्यांवर घासत जाणारं पाणी मात्र हळू जातं, म्हणून या वेगाला साधारण ०.८ नं गुणतात आणि उरतो ०.४. ओढा दोन मीटर रुंद आहे. सुतळी आडवी ताणून दर वीस सेंटिमीटरवर पट्टीनं खोली मोजली आणि सरासरी आली पंधरा सेंटिमीटर. दोन गुणिले ०.१५ गुणिले ०.४ म्हणजे ०.१२ घनमीटर, अर्थात सेकंदाला १२० लिटर.

इथवर मुलं शांत असतात. मग कुणीतरी दिवसाचा हिशेब करतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एक कोटी तीन लाख अडुसष्ट हजार लिटर! जलजीवन मिशननं गावातल्या माणसामागं दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या मापानं हा घोटाभर ओढा पावणेदोन लाखांहून जास्त माणसांना पुरेल. गाव मात्र दोन हजारांचं, आणि उन्हाळ्यात तिथं टँकर येतो. हे कसं, हा प्रश्न शिक्षकानं विचारायची गरज राहत नाही. सप्टेंबरात मोजलेला हाच तुकडा डिसेंबरात पुन्हा मोजला आणि फेब्रुवारीत तिथं नुसती डबकी उरलेली पाहिली, की सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस चार महिन्यांत येतो कसा, बेसाल्टचा काळा कातळ पाणी किती कमी धरून ठेवतो आणि डोंगरउतारावर माती-झाडं असली-नसली तर काय फरक पडतो, या गोष्टींना आधार मिळतो. तळ काढलेला पत्र्याचा डबा एकदा शाळेच्या मैदानात आणि एकदा झाडाखालच्या पालापाचोळ्यात रोवायचा, दोन्हीकडे लिटरभर पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. मैदानात पाणी साचून राहतं. मुलांचं पाठ्यपुस्तकातलं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' त्या दिवसानंतर घोषणा राहत नाही.

आता किडे. ओढ्यातला हा सगळ्यात रंगणारा भाग आहे. साहित्य स्वयंपाकघरातलंच लागतं. चहाची गाळणी, पिठाची जुनी चाळणी, पांढरं पसरट भांडं आणि भिंग. पांढऱ्यावर किडा लगेच दिसतो, म्हणून स्टीलचं ताट नको. वाहत्या उथळ पाण्यात एक जण चाळणी प्रवाहाला आडवी धरतो, दुसरा तिच्या वरच्या बाजूचे दगड हातानं चोळतो. दगडाला चिकटलेलं सगळं चाळणीत वाहून येतं. ते भांड्यातल्या पाण्यात उलटं करायचं आणि थांबायचं. पहिलं मिनिटभर नुसता कचरा दिसतो. मग कचरा चालायला लागतो.

एखादा चपटा किडा भांड्याच्या तळाला चिकटून सरपटतो. लांबी नखाएवढीही नसते. मागं केसासारख्या तीन शेपट्या, आणि भिंग धरलं तर पोटाच्या दोन्ही कडांना इवल्या पानांसारखे कल्ले सतत फडफडताना दिसतात. हे मेफ्लायचं पिल्लू. पाण्याखाली काही महिने काढून ते पंख घेऊन बाहेर पडतं आणि प्रौढ झाल्यावर जेमतेम दिवस-दोन दिवस जगतं. त्या दिवसांत ते खातही नाही. शेजारी तसाच तीन शेपट्यांचा दुसरा किडा असतो आणि मुलं त्यालाही मेफ्लाय म्हणून मोकळी होतात. इथं शिक्षकानं घाई करू नये. भिंग पुन्हा द्यावं. दुसऱ्याच्या शेपट्या केसासारख्या नसून पानासारख्या रुंद आहेत, आणि पोटाच्या कडांना कल्ले नाहीत. ही टाचणीची अळी. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, बसल्यावर बहुधा पंख मिटून घेणारी. त्या तीन पानांनीच ती पाण्यातला प्राणवायू घेते. दोन किड्यांतला हा फरक ज्या मुलीला स्वतःला सापडला, तिला तो कधी पाठ करावा लागत नाही.

चतुराची अळी सापडली तर तास हातातून गेला असं समजावं. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की तो सटकन पुढं येऊन त्याला पकडतो. पळायचं असेल तेव्हा ती पार्श्वभागातून पाणी जोरात बाहेर फेकते आणि पुढं उडते. सातवीच्या वर्गाला याहून आवडेल अशी माहिती जीवशास्त्रात दुसरी नसावी. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण रेशमानं सांधून स्वतःभोवती नळी बांधते. वहीत तिचं चित्र काढायला सांगितलं की चित्रकलेत मार खाणारी मुलंही एकेक कण मोजून काढतात.

हे किडे फक्त मौजेचे नाहीत. मेफ्लायच्या पिल्लांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर लागतो. पाणी गार असेल तर तो जास्त मावतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरमध्ये साधारण नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. सांडपाणी मिसळलं की त्यातली घाण खाणारे जीवाणू वाढतात आणि प्राणवायू संपवतात. मग मेफ्लाय जाते आणि लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या उरतात. त्या एका प्रकारच्या चिलटांच्या असतात. त्यांचा लाल रंग आपल्याच रक्तातल्यासारख्या हिमोग्लोबिनचा. थोडासा प्राणवायूही धरून ठेवायची ती सोय आहे. पाणी अगदीच सडलं असेल तर शेपटीच्या जागी लांब नळी असलेली एक अळी भेटते. नळीचं टोक पाण्याबाहेर काढून ती थेट हवेतून श्वास घेते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू नसला तरी तिचं अडत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे याच तत्त्वावरची पाहणीची पद्धत आहे. किड्यांच्या कुळांना त्यांच्या नाजूकपणानुसार १ ते १० गुण द्यायचे आणि त्यावरून पाण्याचा दर्जा ठरवायचा. शाळेला कुळांपर्यंत जायची गरज नाही. घाण अजिबात न सोसणारे, थोडी सोसणारे आणि घाणीतच रमणारे असे तीन गट पुरतात. वस्तीच्या वर एका जागी आणि वस्तीच्या खाली एका जागी चाळणी लावायची, दोन्हीकडे सारखाच वेळ, सारख्याच आकाराचा तुकडा. वर मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय, खाली लाल अळ्या, असं चित्र पुष्कळदा मिळतं, आणि मग मुलं लगेच निकाल देऊन टाकतात: "बाई, गावानं ओढा मारला!"

नेमकं इथंच बाईंनी आडवं यावं. वरच्या जागेचा तळ दगडांचा होता, खालचा चिखलाचा. दगडांना चिकटून राहणारा किडा चिखलात कसा मिळेल? गेल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला होता का? पुरानं तळ धुऊन निघाला की स्वच्छ ओढ्यातही चाळणी रिकामी येते. दोन्हीकडे सावली सारखी होती का? म्हणजे आता खालच्या बाजूला दगडांचा तुकडा शोधून पुन्हा चाळणी लावायची. आरोप करण्याआधी दुसरं कारण शोधायची सवय या वयात लागली तर लागली. पर्यावरणाच्या नावानं मुलांना संतापायला शिकवणं सोपं असतं आणि दर पाच जूनला आपण ते करतोच. हातात फलक, गळ्यात घोषणा, एक रोप आणि रोपापेक्षा जास्त माणसं असलेला फोटो. त्या रोपाला एप्रिलमध्ये कोण पाणी घालतं, याची नोंद कुठल्याही वहीत नसते.

या सगळ्याला सरकारी आधार नाही असंही नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. चित्रपटगृहांनी खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात असंही त्याच निकालात होतं. अंमलबजावणी रेंगाळली, मेहता पुन्हा न्यायालयात गेले आणि २००३-०४ मध्ये एनसीईआरटीचा पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम तयार झाला. विषय आला, त्याबरोबर पुस्तक आलं, पुस्तकाबरोबर प्रकल्पवही आली, आणि प्रकल्पवह्या स्टेशनरीच्या दुकानात चित्रं चिकटवून तयार मिळू लागल्या. पन्नास पैशांच्या चित्रावर पाच गुण. जॉर्जियातल्या तिबिलिसी इथं १९७७ मध्ये युनेस्कोनं भरवलेल्या परिषदेनं पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं मांडली, तेव्हा जाणीव आणि माहितीच्या जोडीला वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग यांनाही तिथं जागा होती. आपण पहिल्या दोनांवर थांबलो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. मूळ हेतू सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्याचा आहे. त्यातले चार दिवस ओढ्याला मिळाले तर कारागीर तक्रार करणार नाहीत.

आणि शाळेनं भिंतीबाहेर पडावं ही कल्पना दिल्लीहून यायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना पाहिलं, की मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात. मग शाळाच गुरांमागं कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. गवत, दगड, बिया, पानं हेच तिथलं साहित्य होतं. त्यांचा मुख्य प्रश्न आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा होता, पर्यावरणाचा नव्हे. पण मुलाला जे रोज दिसतं त्यावर शिकवायला शिक्षक उभा राहू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं, आणि तेही आजच्यासारखी छापील कृतिपत्रिका हाताशी नसताना.

ओढ्यावरचा सगळ्यात अवघड तास किड्यांचा नसून माशांचा असतो. कोकणात आणि घाटाखालच्या पट्ट्यात जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यांतून, पाटांतून वर चढतात आणि भातखाचरांत शिरतात. हे चढणीचे मासे. कुठे कुठे याला वलगण म्हणतात. खाचरातलं पाणी उथळ, उबदार आणि खाण्यानं भरलेलं असतं. अंडी घालायला याहून चांगली जागा नाही. त्या एक-दोन रात्री गावच्या गाव जाळी, टोपल्या, बॅटऱ्या आणि कोयते घेऊन शिवारात असतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो मासा खाल्लेला असतो आणि त्यांतल्या काहींनी तो धरलेलाही असतो. पोटात गाभोळी भरलेली असते आणि घरात तिचं कौतुक सगळ्यात जास्त.

आता शिक्षकानं काय करावं? 'अंडी घालायच्या आधीच मासा मारणं चूक' असं फळ्यावर लिहिलं, तर त्यानं मुलाच्या बापाला गुन्हेगार ठरवलं आणि मूल त्या दिवसापासून गप्प झालं. मला वाटतं, इथंही मोजण्यापासूनच सुरुवात करावी. गाभोळीचा एक ग्रॅमचा तुकडा घेऊन त्यातली अंडी सुईनं बाजूला करत मोजायची आणि सगळ्या पिशवीच्या वजनानं गुणायचं. बोटभर पिशवीतही आकडा हजारांत जातो. लगेच एखादा हुशार मुलगा म्हणतो, "सर, एवढी अंडी आहेत, मग दोन-चार मासे धरले तर काय बिघडतं?" प्रश्न चोख आहे. त्याचं उत्तर शोधायला त्या अंड्यांमधून किती मासे मोठे होतात, ते कोण खातं, पाणी ओसरल्यावर परतीची वाट उघडी असते का, हे पाहावं लागतं. ओढ्यावरचा सिमेंटचा बंधारा माशाला ओलांडता येतो का? खाचरात तणनाशक कधी मारतात? वाळू कुठून उपसली? यांतला प्रत्येक प्रश्न मोठ्या माणसांच्या निर्णयाशी जाऊन भिडतो, आणि मुलांना ते दिसतं.

मग घरी पाठवायचं, आजी-आजोबांना विचारायला. तुमच्या लहानपणी किती मासे मिळायचे, कुठले, कुठपर्यंत चढायचे? वडिलांनाही तेच विचारायचं. तिन्ही पिढ्यांची उत्तरं शेजारी-शेजारी मांडली की एक मजेशीर गोष्ट पुढं येते: प्रत्येकाला आपल्या लहानपणचा ओढा हाच 'नेहमीचा' ओढा वाटतो. मत्स्यवैज्ञानिक डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. प्रत्येक पिढीतले शास्त्रज्ञ आपल्या उमेदवारीच्या काळातला साठा हाच मूळ साठा धरतात आणि मधली घसरण कुणाच्याच हिशेबात येत नाही. आठवणींवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हेही मुलांना सांगावं. आजोबांचा मासा दरवर्षी वीतभर वाढतो. म्हणून तर वही हवी.

घरांची ही उत्तरं गोळा करताना मुलींकडून वेगळीच माहिती येते, हे आवर्जून सांगायला हवं. खेकडे कुठल्या दगडाखाली, कुठली भाजी ओढ्याच्या कोणत्या काठाला आधी येते, धुण्याचा दगड कुठून कुठं सरकवावा लागला, हे आई-आजीबरोबर ओढ्यावर जाणाऱ्या मुलींना ठाऊक असतं. गटाचा म्होरक्या मात्र नेहमी मुलगा होतो. कामं दर वेळी बदलली नाहीत, तर चाळणी मुलांच्या आणि वही मुलींच्या हातात कायमची राहते.

थोडं व्यवहाराचं बोलू. पालकांची लेखी संमती घ्या. दहा-बारा मुलांमागं एक मोठं माणूस हवं, आणि त्यातलं एक तरी गावातलं, ओढा ओळखणारं. चार-पाच जणांचा गट, प्रत्येकाला ठरलेलं काम. पाणी गुडघ्याच्या खालीच. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात उतरायचंच नाही, पुलावरून पाहायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, तर सामान तिथंच टाकून काठावर, आणि काठावरून आणखी वर. पायाला जखम असलेल्यानं पाण्यात जायचं नाही, कारण पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. वरच्या झाडावर आग्या मोहोळ आहे का ते आधी पाहून ठेवायचं, तिथं आरडाओरडा आणि अत्तर दोन्ही बंद. दगड उलटताना पलीकडची कड उचलून आपल्याकडे ओढायची, म्हणजे खाली साप-विंचू असला तर दगड आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूनं परत ठेवायचा. किडे पाण्यात सोडायचे. साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मुलींसाठी जवळपास स्वच्छतागृहाची सोय नसेल तर तास दीड तासापेक्षा लांबवू नये. बऱ्याच शाळांतल्या मोठ्या मुली बाहेरच्या तासाला 'पोटात दुखतंय' म्हणून मागं राहतात, त्याचं एक कारण हे असतं आणि ते कुणी विचारत नाही.

शहरातल्या शिक्षकांचा प्रश्न मला माहीत आहे. 'आमचा ओढा म्हणजे गटार, त्यात मुलं उतरवायची कशी?' उतरवू नयेच. त्यांच्यासाठी झाड आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या 'सीझनवॉच' या उपक्रमात एका झाडाला आठवड्यातून एकदा भेटायचं आणि कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांतलं काय नाही, काय थोडं आहे, काय भरपूर आहे, एवढंच नोंदवायचं असतं. केरळातल्या शाळांनी त्यात मोठा भाग घेतला आहे. तिथं बहावा विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, फुलणं अपेक्षित असतं, त्यामुळे तो आधी फुलला की घराघरांत कळतं. आपल्याकडे पळस आणि सावर शिमग्याशी अशीच बांधलेली आहेत. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये बारा महिन्यांचा निसर्ग पाहून लिहिला तो काही जंगलात मुक्काम ठोकून नव्हे. शाळेच्या फाटकाजवळची सावर जानेवारीत पाहिली, फेब्रुवारीत पाहिली आणि तीन वर्षं ओळीनं पाहिली, तर मुलांच्या हाती एक खरी नोंद असते, आणि ती दुसऱ्या शाळेच्या नोंदीशी ताडून पाहता येते. मुंबईकरांना धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एकेकाळी शहराचा कचरा टाकण्याची होती. १९९४ मध्ये ती लोकांसाठी उघडली. तिथं मुलांना झाडांची नावं सांगत फिरण्यापेक्षा 'या मातीखाली काय आहे' एवढंच विचारून पाहावं.

नोंदी जमल्या की त्यांचं करायचं काय, याचंही उत्तर तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकांच्या मदतीनं गावाची जैवविविधता नोंदवही करायला हवी. हे काम शाळा-कॉलेजांतल्या मुलांना बरोबर घेऊन करावं, असा माधव गाडगीळ यांचा आग्रह होता. बऱ्याच ठिकाणी या नोंदवह्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून घाईनं भरून घेतल्या गेल्या. गावातल्या सातवीच्या वर्गाकडे तीन वर्षांचे ओढ्याचे प्रवाह, किड्यांचे तक्ते आणि चढणीच्या माशांची नावं असतील, तर ग्रामसभेत ती वाचून दाखवायला हरकत काय? वाचणारं मूल अडखळेल, पण आकडे त्याचे स्वतःचे असतील.

राहता राहिले गुण. मुख्याध्यापकांना ते लागतातच. माझ्या मते लेखी परीक्षेत एकच प्रश्न घालावा आणि त्याला दहा गुण ठेवावेत. दोन चाळण्यांचा तक्ता छापायचा. वरच्या जागी मेफ्लायची पिल्लं १४, कॅडिसफ्लाय ९, लाल अळ्या २, तळ दगडांचा, पाणी वाहतं. खालच्या जागी मेफ्लाय नाही, कॅडिसफ्लाय १, लाल अळ्या ३१, तळ चिखलाचा, पाणी जवळजवळ थांबलेलं. प्रश्न असा: 'खालच्या वस्तीला दोष देण्याआधी तुम्ही आणखी काय काय मोजाल, कुठे, आणि कोणत्या महिन्यात?' वही बघून उत्तर लिहायला परवानगी असावी.